वापरलेल्या विमानांचे नौदल

गोव्याच्या दाबोळी विमानतळाजवळून बोगमाळोच्या किनाऱ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर भारतीय नौदलाचे विमान संग्रहालय आहे. ऑक्टोबर १९९८ मध्ये ते सुरू झाले. उघड्या आवारात डझनभर जुनी विमाने आणि हेलिकॉप्टरे उभी आहेत. आतल्या दुमजली इमारतीत इंजिने, बॉम्ब, पाणबुडी हुडकण्याची उपकरणे आणि विमानवाहू नौकांच्या प्रतिकृती. सुट्टीला आलेली कुटुंबे बोगमाळोला जाता-येता इथे तासभर थांबतात, मुलांना विमानाच्या पोटाखाली उभे करून फोटो काढतात आणि निघतात. अशा ठिकाणी काय ऐकायला मिळणार हे आपण घरूनच ठरवून आलेलो असतो: पराक्रम, वेग, तंत्रज्ञानाची चढती कमान. विमानासमोरच्या फलकांवरही सहसा त्याच जातीचा मजकूर असतो. लांबी इतकी, पंखांचा पसारा इतका, ताशी वेग इतका. पण आवारातल्या विमानांची नुसती यादी करून प्रत्येकापुढे ‘हे आले कुठून?’ एवढा एकच प्रश्न लिहिला, तर वेगळीच हकिगत उभी राहते. यातली बरीचशी विमाने कुणीतरी आधी वापरलेली, कुणाला तरी नकोशी झालेली, एका कामासाठी बांधून दुसऱ्याच कामाला जुंपलेली आहेत. भारतीय नौदलाच्या विमानशाखेची पहिली तीस वर्षे जुन्या मालावर संसार थाटण्यात गेली. हा भाग ओशाळून झाकून ठेवावा असे अनेकांना वाटते. मला उलट वाटते. या संग्रहालयात सांगण्याजोगे सगळ्यात जास्त काही असेल तर ते इथेच आहे.

सुरुवात आवारातल्या सगळ्यात मोठ्या विमानापासून करावी. लॉकहीड कंपनीचे सुपर कॉन्स्टेलेशन: चार पंख्यांची इंजिने, किंचित कमानदार पाठ आणि शेपटीवर एकाऐवजी तीन उभी सुकाणू. ही तीन सुकाणू शोभेची नव्हेत. एकच सुकाणू लावायचे तर ते इतके उंच झाले असते की त्या काळच्या हँगरच्या दारातून विमान आत गेले नसते. म्हणून उंची तिघांत वाटली. कॅलिफोर्नियातल्या बरबँकच्या कारखान्यातून बाहेर पडलेले हे विमान प्रवासी वाहतुकीसाठी होते. १९५० च्या दशकात एअर इंडियाने अशी विमाने घेतली आणि प्रत्येकीला राणीचे नाव दिले. गोव्यातली ही ‘राणी ऑफ एलोरा’, म्हणजे आपल्या वेरूळची राणी. नोंदणी क्रमांक व्हीटी-डीएचएम. मुंबईहून लंडन, टोकियो, सिडनी अशा मार्गांवर या ताफ्याने एअर इंडियाचे नाव कमावले. पण १९६० मध्ये बोइंग ७०७ आले आणि जेटपुढे पंख्याच्या विमानाची प्रवासी कारकीर्द संपली. तेव्हा या राण्यांची वये दहा वर्षांचीही नव्हती. ताफ्यातली बरीच विमाने हवाईदलाकडे गेली, पुढे त्यांच्यातल्या काहींवर समुद्रावरच्या गस्तीची जबाबदारी आली आणि १९७६ मध्ये ती नौदलाच्या ३१२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला मिळाली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत नौदलाने ती उडवली. आज अंगावर नौदलाचा क्रमांक आहे, तो आयएन ३१५. पण बाजूने चालत गेले की प्रवाशांच्या खिडक्यांची ती लांब रांग दिसतेच. ज्या खिडकीतून एखादा प्रवासी आल्प्सचे डोंगर पाहायचा, त्याच रांगेतून पुढे नौदलाचा टेहळ्या अरबी समुद्रावर परकी जहाजे शोधत असायचा.

या विमानाच्या इंजिनाबद्दल जुन्या वैमानिकांत एक थट्टा चालायची: चार इंजिने घेऊन निघणारे आणि तिनांवर पोहोचणारे जगातले सर्वोत्तम विमान. एकेका इंजिनात अठरा सिलिंडर, शिवाय बाहेर पडणाऱ्या गरम वायूतून जास्तीची ताकद काढणाऱ्या टर्बाइन. ताकद भरपूर, आणि कटकटही भरपूर. मोठ्या विमान कंपन्यांनी ही कटकट काही वर्षांत झटकून टाकली. नौदलाच्या तंत्रज्ञांनी ती १९७६ मध्ये, म्हणजे सुटे भाग मिळेनासे होण्याच्या काळात, आपण होऊन पदरात घेतली. का घेतली, याचे उत्तर एका जुन्या वादात आहे. स्वातंत्र्यानंतर किनाऱ्यावरून उडून समुद्रावर नजर ठेवण्याचे काम हवाईदलाकडे होते. पाणी आमचे, तर त्याच्यावर पहारा करणारे विमानही आमचेच हवे, असे नौदलाचे म्हणणे. जमिनीवरून उडणारे प्रत्येक मोठे विमान आमचे, असे हवाईदलाचे. हा तंटा १९७० च्या दशकाच्या मध्यात सुटला आणि काम नौदलाकडे आले. नव्या विमानांची वाट पाहत बसण्यापेक्षा हातात येईल ते घ्या आणि काम सुरू करा, असा तो व्यवहार होता. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९७७ मध्ये, सोव्हिएत बनावटीची इल्युशिन-३८ विमाने दाबोळीला आली. राण्यांनी मधला काळ निभावला, शिवाय नौदलाच्या माणसांना हे काम शिकवले. कमी दर्जाचे पण हाताशी असलेले साधन घेऊन आधी माणसे तयार करायची, यंत्र मागाहून, ही पद्धत नौदलाच्या सगळ्या सुरुवातीच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

हवाईदलाची रीतही काही वेगळी नव्हती. त्यांच्याकडे हे समुद्रगस्तीचे काम होते तेव्हा पुण्याच्या सहाव्या स्क्वाड्रनकडे बरीच वर्षे अमेरिकन बनावटीची लिबरेटर बॉम्बर विमाने होती. ही विकत घेतलेली नव्हेत. दुसरे महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी ती कानपूरला भंगारात टाकली होती, पुन्हा उडू नयेत म्हणून मुद्दाम नादुरुस्त करून. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने त्या ढिगातून एकेक विमान निवडले, एकाचे भाग दुसऱ्याला लावून कानपूरलाच उडण्यापुरते सावरले, आणि जमशेद मुन्शी या कंपनीच्या वैमानिकाने ती बंगळूरला नेली. तिथे नीट दुरुस्त होऊन अशी चाळीसच्या आसपास विमाने हवाईदलात आली आणि १९६८ पर्यंत उडत राहिली. जगात लष्करी कामावर असलेली ती शेवटची लिबरेटर. गंमत पुढेच आहे. ज्यांनी ती मोडून टाकली होती, त्या ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात आज जे लिबरेटर आहे ते भारताने दिलेले; अमेरिकेत टूसॉनच्या पिमा संग्रहालयातलेही भारतातूनच गेलेले. श्रीमंत देशांनी आपापली हजारो विमाने वितळवून टाकली, आणि स्वतःचा इतिहास जतन करायची वेळ आली तेव्हा ती सापडली आपल्याकडे. काटकसरीचा हा फायदा त्या वेळी कुणाच्या हिशेबात नसणार.

पुन्हा बोगमाळोला येऊ. शॉर्ट सीलँड हे आवारातले आणखी एक विमान बघणाऱ्याच्या नजरेतून सहज सुटते, कारण ते लढाऊ दिसत नाही. पोट होडीचे, त्याला चाके. पाण्यावरही उतरते आणि धावपट्टीवरही. बेलफास्टच्या शॉर्ट ब्रदर्स कंपनीने ते श्रीमंत खासगी ग्राहक आणि बेटांवरच्या छोट्या कंपन्यांसाठी काढले होते. धंदा बसला, एकूण पंचवीसच विमाने बनली. त्यांतली दहा भारतीय नौदलाने घेतली आणि याच विमानांनी १९५३ मध्ये कोचीला नौदलाच्या विमानशाखेची सुरुवात झाली. आयएनएस गरुड हा तळही त्याच वर्षी ११ मे रोजी कार्यान्वित झाला. म्हणजे ज्या शाखेकडे आज पाणबुडीशोधक बोइंग पी-८आय आहेत, तिचे पहिले विमान बाजारात न खपलेले होते. शेजारचे फायरफ्लाय तर दुसऱ्या महायुद्धातले लढाऊ विमान, नौदलाकडे आले तेव्हा त्याचे लढणे संपलेले. त्याच्यामागे लांब तारेवर कापडी लक्ष्य बांधायचे आणि युद्धनौकांच्या तोफचींनी त्यावर नेम धरायचा, एवढेच त्याचे काम. आपल्या मागे तोफगोळे फुटत असताना सरळ रेषेत, एकाच वेगाने उडत राहायचे, ही नोकरी कुठल्या वीरगाथेत येत नाही. पण विमानविरोधी तोफा चालवणारी नौदलाची एक पिढी त्या तारेच्या टोकाकडे बघत तयार झाली. व्हॅम्पायर हेही हवाईदलाकडून आलेले, जेट उडवायची सवय व्हावी म्हणून.

या सगळ्या हकिगतीचा मधला खांब म्हणजे विक्रांत ही विमानवाहू नौका. तिची बांधणी १९४३ मध्ये ब्रिटिशांनी ‘हर्क्युलिस’ या नावाने सुरू केली, १९४५ च्या सप्टेंबरात, म्हणजे महायुद्ध संपल्यावर, ती पाण्यात उतरली, आणि युद्धच उरले नाही म्हणून अर्धवट अवस्थेत बांधून ठेवली गेली. तब्बल अकरा वर्षे. १९५७ मध्ये भारताने हा सांगाडा घेतला, बेलफास्टला तिरपी धावपट्टी आणि विमान पुढे फेकणारा, वाफेवर चालणारा कॅटपल्ट बसवून पुरा करवला, आणि ४ मार्च १९६१ रोजी ती आयएनएस विक्रांत झाली. तिच्यासाठी घेतलेले लढाऊ विमान होते सी हॉक. आवारातल्या सी हॉकजवळ दोन मिनिटे थांबले तर त्याची बुद्धी दिसते. जेट विमानाची आग शेपटीतून बाहेर पडते अशी आपली समजूत. इथे शेपटीत भोकच नाही. इंजिन मध्यभागी आहे आणि त्याचा झोत दोन फाटे फोडून दोन्ही पंखांच्या मुळाशी बाहेर काढला आहे. त्यामुळे मागचा भाग इंधनाला मोकळा मिळाला, आणि समुद्रावर उडणाऱ्या विमानाला इंधनाइतके दुसरे काही प्रिय नसते. पंख वर दुमडतात, कारण नौकेच्या पोटात जागा कमी. शेपटीखाली हूक आहे. उतरताना नौकेवर आडव्या ताणलेल्या तारेत तो अडकला नाही तर पुन्हा वर उडून नव्याने प्रयत्न करायचा. विमान हुशार होते यात शंका नाही, पण त्याची घडी कुठली होती तेही पाहा. नौदलाचे ३०० क्रमांकाचे सी हॉक स्क्वाड्रन जुलै १९६० मध्ये उभे राहिले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ब्रिटिश नौदलाने आपले शेवटचे आघाडीचे सी हॉक स्क्वाड्रन बंद केले. आपला आरंभ आणि त्यांचा शेवट यांत पाच महिन्यांचे अंतर. आपली काही विमाने नवी होती, काही ब्रिटिशांनी वापरून दुरुस्त करून दिलेली. पुढे पश्चिम जर्मनीच्या नौदलाने काढून टाकलेली अठ्ठावीस सी हॉकही आपण घेतली.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. १९७१ च्या डिसेंबरात याच विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावच्या बंदरांवर आणि धावपट्ट्यांवर मारा केला. विक्रांतवरच्याच आलिझे विमानांनी रात्री मोंगला-खुलनापर्यंत मजल मारली. पूर्व पाकिस्तानची समुद्राकडची वाट बंद झाली. हे सगळे बाजूला ठेवून ‘विमाने जुनी होती’ हेच उगाळत बसणे म्हणजे लढणाऱ्यांचा अपमान नव्हे काय? मला हा प्रश्न उलटा करून विचारावासा वाटतो. त्या युद्धात विक्रांत उतरली ती चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला असताना. कॅटपल्टवरून विमान सुटायला समोरून वारा लागतो. नौका जितकी वेगात, तितका वारा जास्त. वेग कमी म्हटल्यावर विमानात किती इंधन आणि किती बॉम्ब भरायचे, वारा कुठल्या दिशेचा धरायचा, प्रत्येक उड्डाणाचे गणित पुन्हा मांडावे लागले. युद्धाआधी कित्येकांचे मत ही नौका पाठवूच नये असे होते. मग पराक्रम नेमका कशात होता? यंत्र नवेकोरे आणि बिनचूक असते तर ही लढाई म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे पार पडलेली कवायत ठरली असती. तडा गेलेल्या बॉयलरची आणि दुसऱ्यांनी टाकलेल्या विमानांची माहिती पुसून टाकली की उरतो तो नुसता जयघोष. ती ठेवली की वैमानिकाबरोबर बॉयलरखान्यात घाम गाळणारा आर्टिफिसर, म्हणजे नौदलाचा तंत्रज्ञही, चित्रात येतो.

सगळेच जुने होते असे म्हणणे मात्र खरे नाही. आलिझे फ्रान्सकडून नवीन घेतलेले, १९६१ मध्ये दक्षिण फ्रान्सच्या ईएर तळावर त्याचे स्क्वाड्रन उभे राहिले. चेतक हेलिकॉप्टर फ्रेंच परवान्यावर पण बंगळूरला बनलेले. सी हॅरियर तर कोरे करकरीत. पहिली तीन १६ डिसेंबर १९८३ रोजी दाबोळीलाच उतरली. पण नवे विमानही जुन्या संसारात आले की त्याचे नशीब त्या संसाराला बांधले जाते, हे आलिझेवरून दिसते. सी हॅरियर आखूड धावेने वर उडते, त्याला कॅटपल्ट लागत नाही, वर चढत जाणारा पुढचा भाग पुरतो. म्हणून विक्रांतवरचा कॅटपल्ट काढून तिला असा चढ बसवला. त्या दिवसापासून आलिझे तिच्यावरून उडू शकेना. विमानात काही बिघाड नव्हता, त्याची नौका बदलली. ते किनाऱ्यावरून थोडी वर्षे उडले आणि १९९१ मध्ये निवृत्त झाले. फ्रेंच नौदल आपली आलिझे २००० सालापर्यंत उडवत होते.

संग्रहालयात मांडता न येणारी एक जुनी वस्तू इथे आहे आणि ती सगळ्यात मोठी आहे: शेजारची धावपट्टी. भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केल्यावर पोर्तुगीज सरकारने हवाई मार्गाने जगाशी संबंध ठेवण्यासाठी दाबोळीचा विमानतळ बांधला. १९५५ मध्ये तो सुरू झाला आणि गव्हर्नर बेनार्द गेदिश यांचे नाव त्याला दिले. तिथून पोर्तुगीज इंडियाची स्वतःची विमान कंपनी कराचीला आणि पुढे लिस्बनपर्यंत उडायची. गोवामुक्तीच्या कारवाईत १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी भारतीय हवाईदलाच्या बारा कॅनबेरा विमानांनी या धावपट्टीवर ६३,००० पौंड बॉम्ब टाकले, इमारतींना मात्र धक्का लावला नाही. फलाटावर दोन मोठी प्रवासी विमाने उभी होती, तीही वाचली. त्या रात्री पोर्तुगिजांनी खड्डे कसेबसे बुजवून अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना या विमानांत बसवले आणि उरलेल्या धावपट्टीवरून ती विमाने निसटली. त्यांतले एक सुपर कॉन्स्टेलेशन होते. पुढच्या वर्षी तळ नौदलाकडे आला, आणि १९६४ मध्ये तमिळनाडूतल्या सुलूर इथला आयएनएस हंस हा तळ उचलून इथे आणला गेला. एकाने बांधले, दुसऱ्याने फोडले, त्यानेच दुरुस्त करून वापरले. विमानांची जी कथा तीच त्यांच्या अंगणाची. गोव्यातल्या गावकऱ्यांच्या जमिनी आधी पोर्तुगिजांसाठी गेल्या आणि मग त्या परत मिळायचा प्रश्नच उरला नाही, हाही त्या कथेचा भाग आहे, आणि तो कुठल्याच फलकावर मावत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. जुन्या मालाचे एवढे कौतुक कशाला? ती काटकसर नव्हे, परावलंबन होते. स्वतः विमाने बांधायची धमक असती तर इतरांच्या उष्ट्यावर तीस वर्षे काढावी लागली नसती. याचे उत्तर आवारातच उभे आहे, छोट्याशा एचटी-२ च्या रूपात. हे भारतात आराखडा होऊन भारतात बनलेले शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले. आराखडा करणाऱ्या चमूचे प्रमुख डॉ. विष्णु माधव घाटगे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे, जर्मनीत गटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्र शिकून आलेले. पहिले उड्डाण केले ते जमशेद मुन्शी यांनीच, ज्यांनी कानपूरच्या भंगारातून लिबरेटर नेली होती. हा योगायोग मला फार बोलका वाटतो. मोडकी विमाने जोडणारा कारखाना आणि नवे विमान घडवणारा कारखाना एकच होता, आणि पहिले काम दुसऱ्याची शाळा होते. पुढे घानाने आपले हवाईदल उभे केले तेव्हा त्यांनीही एचटी-२ घेतली. तरीही आक्षेप पूर्ण खोडून निघत नाही. एचटी-२ चे इंजिन ब्रिटिश होते. शिकाऊ विमानापासून नौकेवरून उडणाऱ्या जेटपर्यंतची उडी आपल्याला जमली नाही, आणि इंजिन ही आपली दुखरी नस आजही आहे. जुन्या यंत्रांनी माणसे तयार केली. ती माणसे नवी यंत्रे करण्यासाठी पुरेशी वापरली गेली नाहीत, हा दोष मान्य करावा लागतो. तो जुन्या यंत्रांचा मात्र नव्हे.

जाता जाता एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. महाराष्ट्रात विमानाचा विषय निघाला की चौपाटीवर १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवल्याची कथा हमखास निघते. त्याचा पडताळता येईल असा समकालीन पुरावा नाही, आणि ज्या ‘वैमानिकशास्त्रा’चा आधार दिला जातो त्यातली विमाने उडूच शकत नाहीत, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिले. तळपद्यांवर सिनेमा निघाला. घाटग्यांचे विमान गोव्यात हात लावता येईल इतक्या अंतरावर उभे आहे, आणि मराठी घरांतल्या किती जणांना त्यांचे नाव माहीत आहे?

जुन्या यंत्रांची किंमत पैशात कमी पडली तरी दुसरीकडे जास्त पडते, हेही टाळून चालणार नाही. सुटे भाग मिळत नाहीत म्हणून एक विमान उघडून दुसरे चालवायचे. उडणाऱ्यांची संख्या हळूहळू घटते आणि उरलेल्यांवर ताण वाढतो. सी हॅरियर नवी घेतली होती, पण २०१६ च्या मे महिन्यात ती निवृत्त झाली तेव्हा ब्रिटनने आपली सी हॅरियर बंद करून दहा वर्षे झाली होती. म्हणजे नवे घेतलेलेही आपण जुने होईपर्यंत वापरले, आणि ताफ्यातली निम्म्याहून अधिक विमाने मधल्या तीन दशकांत अपघातांत गेली, काही वैमानिकांसकट. सी हॅरियर मुळातच उडवायला अवघड, त्यामुळे प्रत्येक अपघाताचे खापर वयावर फोडणे बरोबर नाही. पण जुन्याचा गौरव करणाऱ्याने हा जमाखर्च पूर्ण मांडला पाहिजे. मी ज्या इतिहासाची बाजू घेतो आहे तो सुरक्षित इतिहास नव्हे.

शेवटचा आक्षेप व्यवहारी माणसाचा. ठीक आहे, हकिगत चांगली आहे. ती पुस्तकात लिहा, फोटो ठेवा. अवजड विमाने उघड्यावर सांभाळायचा खर्च कशाला? महाराष्ट्राने हा युक्तिवाद दोनदा अमलात आणून पाहिला आहे. विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाल्यावर काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय होती. मग खर्च परवडेना, २०१४ मध्ये साठ कोटींच्या आसपास तिचा लिलाव झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दारूखान्यात तिच्यावर गॅस कटर चालले. विराट या दुसऱ्या विमानवाहू नौकेसाठी सिंधुदुर्गात निवतीजवळ संग्रहालय करायची ८५२ कोटींची योजना राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मंजूर केली. दोन वर्षांनी ती नौका अलंगच्या किनाऱ्यावर तुकडे व्हायला गेली. विक्रांतचे पोलाद एका मोटारसायकलच्या टाकीत वितळून बाजारात आले, तेवढेच. आता विक्रांतच्या धावपट्टीवर काय चालायचे हे प्रत्यक्ष वस्तूवरून समजून घ्यायचे असेल तर उरले आहेत ते सी हॉकचा हूक, त्याचे दुमडते पंख, आलिझेच्या पोटातून खाली उतरणारा रडारचा घुमट. कागद लिहिणाऱ्याला जे महत्त्वाचे वाटते तेवढेच सांगतो. तीन धन्यांकडे राबलेल्या विमानाच्या अंगावर तिघांनीही काही ना काही ठेवलेले असते, कुणी बुजवलेले झाकण, कुणी जास्तीची अँटेना. हे पाहायला वस्तूच लागते. फोटोत कोपरा सुटला की सुटला.

आणि नेमकी वस्तूच इथे धोक्यात आहे. गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, समुद्र हाकेच्या अंतरावर. विमानाची कातडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, बोल्ट पोलादाचे. खारट ओल्या हवेत दोन धातू एकमेकांना लागून असले की त्यांतला एक झिजत जातो, बाहेरून रंग शाबूत दिसला तरी आतून. त्यावर वरचेवर रंग मारणे हा उपाय सोपा आणि घातक, कारण प्रत्येक थराखाली आधीच्या धन्याची अक्षरे गाडली जातात. सगळ्यांवर छप्पर घालणे परवडणार नसेल तर कुणावर आधी, हे तरी ठरवावे लागेल, आणि ते दिमाखावर ठरू नये. सी हॅरियर जगात बऱ्याच संग्रहालयांत आहेत. पंचवीसच बनलेल्या सीलँडपैकी किती उरली असतील? वेरूळची राणी तर एकच. तिच्यावर छप्पर पडेल तेव्हा पडो, तोवर फलक बदलायला फार खर्च येत नाही. वेग आणि पंखांचा पसारा खाली बारीक अक्षरांत घ्यावा, आणि वर लिहावे: बरबँकला बांधले, मुंबईहून प्रवासी नेले, हवाईदलात गेले, दाबोळीहून समुद्रावर पहारा केला, आणि प्रत्येक टप्प्यापुढे, आधीच्या धन्याने ते का सोडले आणि पुढच्याने का घेतले.